चौथी प्लेट कोणाची? एका कौटुंबिक उताऱ्याच्या आकलनाचं प्रकरण

मुलगी 16 वर्षांची. इंग्रजी सफाईदार वाचते. उच्चार स्वच्छ, स्वल्पविरामाला थांबते, कुठे अडखळत नाही. तिची आई माझ्याकडे आली ती एकच तक्रार घेऊन: "वाचते सगळं, पण खालचे प्रश्न सोडवायला बसली की उत्तरं चुकतात." शब्दसंग्रह कमी पडतो, असं मायलेकी दोघींचंही म्हणणं होतं. मी ते मान्य केलं आणि त्यात 2 आठवडे गेले. ते आठवडे वाया का गेले, हे नीट मांडून ठेवावं म्हणून हे लिहिते आहे. इंग्रजी आकलनाचा सराव घेणाऱ्या कोणालाही या वळणावरून जावं लागेल, असं मला वाटतं.

उतारा

उतारा मीच लिहिला होता, साधारण 220 शब्दांचा. विषय मुद्दाम कुटुंबाचा घेतला. मदर, फादर, ब्रदर, सिस्टर हे शब्द मुलांना अगदी सुरुवातीपासून ओळखीचे असतात. तिला धीर यावा, एवढाच हेतू होता.

उताऱ्यातली गोष्ट इंग्रजीत जशी उलगडते तशी मराठीत सांगणं अवघड आहे, आणि ते का अवघड आहे हाच या प्रकरणाचा गाभा आहे. तरी सांगते. निवेदन प्रथमपुरुषी. सांगणारी व्यक्ती 'आँट' आणि 'कझिन' यांच्यासोबत एका अरुंद घरात राहते. आँटनेच या व्यक्तीला लहानाचं मोठं केलं. खिडकीपाशी दिवंगत आजोबांची खुर्ची आहे, तिच्यावर कोणी बसत नाही. आँट म्हणते, तू आजोबांवर गेलीस, किंवा गेलास. आँट नर्स आहे, रात्री नऊच्या आत क्वचितच घरी येते. मुलं लहान होती तेव्हा कझिन जेवणाचं टेबल मांडताना चार प्लेट ठेवायचा, आणि आँट काही न बोलता त्यातली एक उचलून परत जागेवर ठेवायची.

मग एका वसंतात कपाट आवरताना जुना फोटो सापडतो. त्याच खुर्चीत दाटीवाटीने बसलेल्या दोन मुली, मागे आजोबा उभे. "यातली तू कोणती?" "रडतेय ती," आँट सांगते. "तुझी आई नुकतीच मला ओरडली होती, तिची जागा घेतली म्हणून." त्या संध्याकाळी कझिन टेबल मांडतो, हात पुसतो, आँटकडे एकदा बघतो आणि खिडकीपाशी असलेली ती खुर्ची ओढून टेबलाला लावतो. उतारा इथे संपतो.

वर मी 'कझिन ठेवायचा' असं लिहिलं, ते नाइलाजाने. इंग्रजीत शेवटच्या वाक्यातल्या 'हिज हँड्स' या दोन शब्दांपर्यंत कझिन मुलगा की मुलगी हे कळतच नाही. सांगणारी व्यक्ती मुलगा की मुलगी, हे तर शेवटपर्यंत कळत नाही. मराठी क्रियापदाला मात्र पहिल्याच वाक्यात ते ठरवावं लागतं.

पहिला प्रयत्न

प्रश्न 8 होते. पहिल्या 4 प्रश्नांची उत्तरं उताऱ्यात सरळ लिहिलेली होती: घरात कोण राहतं, घर कसं आहे, आँट काय काम करते, फोटो कोणत्या ऋतूत सापडला. चारही बरोबर. उरलेल्या 4 प्रश्नांत विचार करून उत्तर द्यायचं होतं: आँटने प्लेट परत का ठेवली, आँट कोणाची बहीण, निवेदकाचे आईवडील कुठे आहेत, शेवटी खुर्ची टेबलाला लावण्याचा अर्थ काय. चारही चूक.

अनोळखी शब्दांखाली रेघ मार, असं मी तिला आधीच सांगितलं होतं. तिने फक्त 3 शब्द अधोरेखित केले. म्हणजे 98 टक्क्यांहून जास्त शब्द तिच्या लेखी माहितीचे होते. हू आणि नेशन या संशोधकांनी 2000 साली कथात्मक मजकुराबाबत जो अभ्यास केला, त्यात बाहेरची मदत न घेता समाधानकारक आकलन होण्यासाठी साधारण 98 टक्के शब्द ओळखीचे लागतात असं आढळलं होतं. त्या मापाने हा उतारा तिच्या आवाक्यातला होता. तिथेच मी थांबून विचार करायला हवा होता. मी ते केलं नाही. 20 वाक्प्रयोगांची यादी करून तिच्या हातात दिली: ब्रिंग अप, लुक आफ्टर, टेक आफ्टर, टेल ऑफ, गेट अलाँग, फॉल आउट आणि असे बरेच. तिने मनापासून पाठ केली. पुढच्या उताऱ्यात त्यातला एकही प्रयोग नव्हता, आणि चुका पहिल्यासारख्याच.

"आत्या कशावरून?"

तिसऱ्या आठवड्यात मी प्रश्नपत्रिका बाजूला ठेवली, पहिला उतारा पुन्हा काढला आणि म्हटलं, "वाच, कागद पालथा घाल आणि मला मराठीत गोष्ट सांग. घाई नको."

तिने सांगितलेली गोष्ट शक्य तेवढी तिच्याच शब्दांत देते: "एक मुलगी तिच्या आत्याकडे राहते. आत्यानेच तिला त्या घरी आणलं. आईवडील नोकरीसाठी दुसरीकडे असतात. आजोबांना घरी यायला उशीर होतो, म्हणून त्यांची खुर्ची रिकामी ठेवतात. त्यांच्यानंतर ती खुर्ची या मुलीला मिळणार आहे. आत्या खूप कष्ट करते, पण नऊच्या आत घरी येते. आतेबहीण चार प्लेट मांडते, पण आजोबा आलेले नसतात म्हणून आत्या एक परत ठेवते. शेवटी आजोबा वेळेवर येणार असतात, म्हणून खुर्ची टेबलाला लावतात."

मी काही वेळ बोललेच नाही. तिची गोष्ट चुकीची होती, पण कुठेही विस्कटलेली नव्हती. एकेक तुकडा दुसऱ्यात नेमका बसत होता. 'माय लेट ग्रँडफादर' याचा अर्थ तिने 'उशिरा येणारे आजोबा' असा घेतला होता, आणि त्या एका शब्दावर उभी केलेली सगळी इमारत पक्की दिसत होती. 'ब्रॉट मी अप'चं झालं 'वर आणलं, घरी आणलं'. 'टेक आफ्टर हिम'चं झालं 'त्यांच्यानंतर घेणं', आणि ते नेमकं खुर्चीला जाऊन चिकटलं. 'हार्डली एव्हर'मधल्या 'हार्ड'मुळे आँट कष्टाळू झाली. 'वुड ले द टेबल' हे 'मांडायचा' या अर्थी, म्हणजे भूतकाळातल्या सवयीसाठी आलं होतं. तिने त्याचा संबंध जर-तरशी लावला: आजोबा आले तर लागेल, म्हणून चौथी प्लेट.

यातला एकही शब्द तिने अधोरेखित केला नव्हता, कारण तिच्या दृष्टीने एकही शब्द अनोळखी नव्हता. लेट, ब्रिंग, टेक, हार्ड, वुड हे सगळे लहानपणापासूनचे शब्द. बटिया लाउफर यांनी 1997 साली दुसऱ्या भाषेतल्या वाचनातल्या शब्दांच्या अडचणींवर लिहिताना 'आपल्याला माहीत आहेत असं वाटणारे शब्द' असा वेगळा गट मांडला होता. न कळलेल्या शब्दाजवळ वाचक निदान थांबतो. कळल्यासारख्या वाटणाऱ्या शब्दावरून तो बिनदिक्कत पुढे जातो. माझी यादी निरुपयोगी ठरली ती याचमुळे. अशा शब्दांना अंत नाही. यादीने 20 अर्थ दिले, कुठे थबकायचं ते दिलं नाही.

मग मी विचारलं, "आत्या कशावरून?"

"आँट म्हणजे आत्या ना, ताई."

"मावशी का नाही? काकू, मामी का नाही?"

ती थोडी गोंधळली. मग म्हणाली, "घर आजोबांचं आहे ना. म्हणजे वडिलांचीच बहीण असणार."

उताऱ्यात घर कोणाचं आहे याचा उल्लेख नव्हता. आजोबा वडिलांचे वडील आहेत, असंही कुठे नव्हतं. शेवटी फोटोतल्या दोन मुली म्हणजे निवेदकाची आई आणि आँट, हे आँटच्या तोंडच्या वाक्यातून स्पष्ट होत होतं. म्हणजे आँट ही मावशी, आणि आजोबा आईचे वडील. पण त्या वाक्यापर्यंत पोचेतो तिच्या मनात आत्या इतकी पक्की बसली होती की 'युअर मदर' हे शब्द वाचूनही तिला आत्याबद्दल शंका आली नाही. मी विचारलं, तेव्हा म्हणाली, "मला वाटलं, आई आणि आत्या लहानपणच्या मैत्रिणी असतील."

मराठी करताना काय होतं

इथे मला या प्रकरणातलं मर्म सापडलं असं वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मराठीत वाचकाला नातं मोघम ठेवता येत नाही. 'अंकल' वाचला की मनात काका, मामा, मावशीचे यजमान किंवा आत्याचे यजमान यांतलं कोणीतरी एक उभं राहतं. 'कझिन' म्हटलं की चुलत, आते, मामे, मावस आणि वर भाऊ की बहीण, अशा 8 शक्यतांतून एक निवडावी लागते. 'सिस्टर-इन-लॉ' म्हणजे नणंद, जाऊ, वहिनी किंवा मेहुणी. 'नेफ्यू' पुतण्या असेल किंवा भाचा. इंग्रजीला नात्याची बाजू, आईकडची की वडिलांकडची, सांगायची गरज पडली तर ती वेगळ्या शब्दांत सांगते, नाहीतर सोडून देते. आपल्या शब्दांच्या पोटातच ती बाजू असते. त्यामुळे मनातल्या मनात मराठी करत वाचणारी मुलगी पहिल्याच ओळीत एक निर्णय घेऊन मोकळी होते, आणि आपण निर्णय घेतला आहे हे तिच्या लक्षातही येत नाही. पुढची प्रत्येक ओळ मग त्या निर्णयाशी जुळवून घेतली जाते.

मनातल्या मनात मराठी करू नको, असं मी तिला सांगितलं नाही. तो सल्ला मी पूर्वी दिलेला आहे आणि तो कोणालाच पाळता येत नाही. नात्यांची सखोल जाण ही आपल्या भाषेची श्रीमंती आहे, ती टाकून कशाला द्यायची? शिकायचं एवढंच होतं की पुरावा हाती येईपर्यंत जागा रिकामी ठेवायची.

वाचणारा आपल्या घरचं कुटुंब मजकुरात नेऊन बसवतो, हे नवं नाही. मार्गारेट स्टेफन्सन, चित्रा जोग-देव आणि रिचर्ड अँडरसन यांनी 1979 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात भारतीय आणि अमेरिकन वाचकांना दोन पत्रं वाचायला दिली होती. एकात भारतीय लग्नाचं वर्णन होतं, दुसऱ्यात अमेरिकन. ज्याने-त्याने आपल्याकडच्या लग्नाचं पत्र जास्त वेगाने वाचलं आणि त्यातलं त्याला आठवलंही जास्त. परक्या पत्रात मात्र अर्थ वाकले. अमेरिकन वधूने आजीचा लग्नातला पोशाख घातला होता, ही तिथे मानाची गोष्ट. एका भारतीय वाचकाने आठवून सांगताना पोशाख फारच जुना आणि फॅशनबाहेरचा होता असं सांगितलं. शब्द त्याला कळले नव्हते असं नाही. माझ्या विद्यार्थिनीचंही तेच झालं होतं. फरक इतकाच की लग्नाचे विधी परके आहेत हे निदान दिसतं, 'आँट' परकी वाटतच नाही.

पेन्सिलीचं झाड

पुढच्या 6 आठवड्यांत आम्ही आठवड्याला 2 असे 12 उतारे केले, सगळे कुटुंबाचेच. पद्धत साधी ठेवली. उतारा एकदा वाचायचा, मग प्रश्न न बघता पेन्सिलीने वंशवृक्ष काढायचा. चौकटीत इंग्रजी शब्दच लिहायचा, आँट तर आँट. नातं उताऱ्यात सिद्ध होत असेल तर सलग रेघ आणि शेजारी ओळीचा क्रमांक. आपला अंदाज असेल तर तुटक रेघ. पुरावा सापडला की तुटक रेघ सलग करायची आणि मगच चौकटीत मराठी शब्द लिहायचा. उलटा पुरावा सापडला तर रेघ खोडायची. खोडणं ही चूक नाही, हे मला तिला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. सुरुवातीला ती खोडरबर वापरायलाच कचरत होती.

पहिल्या उताऱ्याचं झाड तिने नव्याने काढलं तेव्हा आँट आणि वडील यांच्यामधली रेघ तिला तुटक काढावी लागली. मग फोटोच्या ओळीशी ती आपणच थांबली. रेघ खोडली, आईकडे वळवली, सलग केली, आणि चौकटीत 'मावशी' लिहिलं. हे करताना ती काही बोलली नाही, पण पेन्सिल कागदावर जोरात टेकवली होती.

ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांसाठी मी यादी पुन्हा दिली नाही. एक प्रश्न दिला: हा शब्द एरवी असतो त्याच जागी आहे का? 'माय ग्रँडफादर इज लेट' म्हणजे आजोबांना उशीर झाला. 'माय लेट ग्रँडफादर' म्हणजे आजोबा हयात नाहीत. शब्द तोच, पण जागा बदलली की माणूस जिवंत आहे की नाही हेच बदलतं. हे उदाहरण तिच्या मनात फार खोल गेलं, कारण तिने त्या आजोबांना पूर्ण उताराभर जिवंत ठेवलं होतं. त्यानंतर क्रियापदाला चिकटून अप, ऑफ, आफ्टर असा छोटा शब्द दिसला की ती थबकू लागली. थबकल्यावर शब्दकोश पाहायला वेळ लागत नाही.

सगळंच जमलं असं नाही. पात्रांच्या बोलण्यातला सूर तिला अजून नीट पकडता येत नाही. एका उताऱ्यात थोरला भाऊ धाकट्याला थंडपणे 'इफ यू से सो' (तू म्हणतोस तर असेल) म्हणतो, तिथे त्याने मान्य केलं असं तिने लिहिलं. सूर कळायला ऐकणं आणि बोलणं लागतं, झाडाचा तिथे उपयोग होत नाही, आणि त्यावर आमचं काम अजून बाकी आहे.

चौथ्या आठवड्यापासून भूमिका बदलल्या. प्रश्न ती काढायची, उत्तरं मी द्यायची. पालिंक्सार आणि ब्राउन यांनी 1984 साली आकलनासाठी जी परस्पर अध्यापनाची पद्धत मांडली, तिच्यात विद्यार्थी आळीपाळीने शिक्षकाची जागा घेतात आणि अंदाज करणं, प्रश्न काढणं, अडलेलं स्पष्ट करणं, सारांश सांगणं ही चार कामं करतात. मी यातलं प्रश्न काढणंच जास्त घेतलं. उत्तर बरोबर आहे की चूक, एवढं पाहून भागत नव्हतं. 'याचं उत्तर उताऱ्यात आहे का?' हे तिला प्रश्न काढण्याआधी ठरवावं लागू लागलं. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत खरे, खोटे आणि 'दिलेले नाही' असे तीन पर्याय असलेले प्रश्न येतात. तिसरा पर्याय बहुतेकांना छळतो. मी तिला प्रत्येक उताऱ्यावर 'दिलेले नाही' असं उत्तर येणारे निदान 2 प्रश्न काढायला लावले.

सातव्या उताऱ्यात एक बाई आपल्या 'सिस्टर-इन-लॉ'ला पत्र लिहिते. विद्यार्थिनीने चौकट काढली, बाजूला नणंद, जाऊ, वहिनी, मेहुणी असे चार शब्द लिहिले. मग मेहुणी खोडली: पत्र लिहिणारी बाई आहे, बाईला मेहुणी कशी असेल? उरलेल्या तिघींपुढे तिने प्रश्नचिन्ह काढलं आणि तसंच राहू दिलं. तिने जागा रिकामी सोडल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. नवव्या उताऱ्यात सावत्र वडील आणि एका बाजूनेच सख्खी असलेली बहीण होती. तिथे तिने न सांगता दोन झाडं काढून एका रेघेने जोडली.

पुन्हा पहिला उतारा

बारावा उतारा झाल्यावर तिने पहिला मागितला. आठही प्रश्न पुन्हा सोडवायचे होते. आँट कोणाची बहीण: निवेदकाच्या आईची, ओळ क्रमांकासह. आईवडील कुठे आहेत: दिलेले नाही. मग प्लेटच्या प्रश्नाशी ती बराच वेळ थांबली आणि तिथेही तिने 'दिलेले नाही' लिहिलं.

मी म्हटलं, "चौथी प्लेट आजोबांची. ते गेले आहेत, मुलगा लहान आहे, सवयीने त्यांची प्लेट मांडतो. मावशीला ते बघवत नाही, पण त्याला रागावतही नाही."

"ताई, कोणती ओळ?"

मी उतारा ओढून घेतला. मावशी, कझिन, निवेदक, हे तीन. चौथी प्लेट आजोबांची, असं मी कुठेच लिहिलं नव्हतं.

"आईचीपण असू शकते," ती म्हणाली. "ती कुठे आहे ते दिलेलं नाही. आणि मावशी म्हणते, आई ओरडली, तिची जागा घेतली म्हणून. ती जागा खुर्चीतलीच ना? मग शेवटी तो जी खुर्ची टेबलाला लावतो, ती आजोबांची म्हणून लावतो की आईची म्हणून?"

उतारा माझा होता. लिहिताना माझ्या मनात आजोबाच होते, आणि ते मनातच राहिले होते, कागदावर उतरलेच नव्हते. मी उत्तरपत्रिका काढली, पाचव्या आणि आठव्या प्रश्नापुढचं 'आजोबा' खोडलं आणि तिच्या झाडाच्या कागदावर चौथ्या प्लेटसाठी एक चौकट काढली. तिने त्या चौकटीपासून दोन तुटक रेघा ओढल्या, एक आजोबांकडे आणि एक आईकडे.